मेथीच्या दिवशीचा पक्षी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

वीस मिनिटं ज्या कावळ्याकडे बघत होते, ती काळी पिशवी निघाली! एवढा शांत कावळा मी पाहिला नव्हता. मनात म्हटलं, हा प्रार्थनेला बसलाय. शेवटी माळी जवळ आला – "वैनी, ती पिशवी हाय. दिवाळीपासनं हाय तिथंच."

सहासष्ट वर्षांची बाई, जुनी मॅट्रिक, गणितात शंभरपैकी एक्क्याऐंशी. आणि पिशवी!

सावेडीच्या बागेत गेले होते. खरं तर ही जागा ह्यांची. अकरा वर्षं रोज सकाळी इथे यायचे – गळ्यात दुर्बीण, खिशात वही. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झाल्यावर पक्षी काढायला लागले. सप्टेंबरात लकवा आला. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं अर्धं गेलं. तेव्हापासून हॉलमधल्या पलंगावर, तोंड भिंतीकडे. काल मात्र खिडकीकडे बोट करून म्हणाले, "कोण... आलं?" मला वाटलं दूधवाला. मग वाटलं चर्चचे पाळकसाहेब. पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला कळलं – थंडीचे पक्षी! या दिवसांत बाहेरगावाहून येतात म्हणे. ते विचारत होते, यंदा कोण कोण आलं.

म्हणून गेले. आजची नोंद – पिशवी १.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. तोंड भिंतीकडून इकडे झालं.

१२ नोव्हेंबर

पक्ष्यांची नावं मला येत नाहीत. मी आपली स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते, हे ओळखतात. "डोळ्याभोवती हळद लागलीय, आणि चालतोय असा की भाडं मागायला आलाय." जरा थांबून – "साळुंकी." स्पष्ट! दोन महिन्यांत एवढा मोठा शब्द पहिल्यांदा. मी लगेच दुसरा दिला – "काळा-पांढरा, शेपटी वर, पंगतीत वाढायला निघाल्यासारखा." – "द... दयाळ."

ह्यांची वही मागितली, म्हटलं त्यातच लिहिते. डाव्या हातानं ओढून उशीखाली घातली. माझं अक्षर कोंबडीचे पाय, ते त्यांच्या चित्रांशेजारी नको असेल. बरोबरच आहे. मी माझ्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानापासून लिहिते. नवी वही कशाला?

१४ नोव्हेंबर

काल साळुंक्या सहा, आज चार. सवयीनं मी कालची शिल्लक पुढे ओढली – एकूण दहा. ह्यांनी बोट हलवून नाही-नाही केलं. "उडतात," म्हणाले.

चाळीस वर्षं हिशोब लिहिते, पण शिल्लक उडते हे कुणी शिकवलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दुर्बीण मी पदराखाली धरून नेते. गळ्यातलं ओढणारे दुर्बीण सोडतील का? माळी – आसाराम त्याचं नाव, पारनेरकडचा – चार दिवस बघत होता. आज विचारलंच.

"वैनी, पोटाला गाठबीठ आली का काय? डाक्टरला दावा."

पदर बाजूला करून दाखवली.

"आरं तिच्या! ही तर सरांची! सर कवा येत्यात?"

येतील म्हटलं.

"पन कवा?"

माणसानं एकच प्रश्न दोनदा विचारू नये.

आज सातभाई दिसले. सात नव्हते, नऊ होते. एका झुडपात शिरून नुसता गलका – एक बोलतोय आणि आठ जण त्याच्या अंगावर. आमच्या महिला मंडळाची नाताळच्या फराळाची सभा अशीच असते. ह्यांना सांगितलं तर तोंडाची डावी बाजू हसली. उजवीला अजून निरोप पोचायचाय.

१७ नोव्हेंबर, रविवार

उपासनेत पाळकसाहेब प्रार्थना करत होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे – खिडकीत शिंजीर! जांभळा, चकचकीत, अंगठ्याएवढा. आमेन सगळ्यांच्या मागून म्हटलं. आणि मोठ्यानं.

१९ नोव्हेंबर

राजनंदिनी येऊन गेली. व्यायाम करून घेणारी मुलगी. माझ्या नातीएवढी, पण बोलते सासूसारखी. जिन्यापर्यंत मला बाहेर नेऊन म्हणाली, "काकू, काकांच्या पायात जीव आलाय. मी दाबून, ढकलून बघितलंय. ते टाकतच नाहीत पाय. डिसेंबरअखेर उभे नाही राहिले ना, तर आखडून बसेल. मग कायमची खुर्ची. आणि तुमचा पहिला मजला, लिफ्ट नाही. घराबाहेर पडणं विसरा."

आत येऊन ह्यांना समजावलं. मग मी रागावले. मग रडले – हे लिहायचं नव्हतं.

"पडेन," म्हणाले.

दवाखान्यातून आल्या आठवड्यात न्हाणीघराच्या दाराशी पडले होते. माझ्याच्यानं उचलवले नाहीत. शेजारचे चौघे येईपर्यंत तसेच फरशीवर, पायजमा ओला. ज्यांच्या पोरांना ह्यांनी रंग शिकवले, तेच उचलायला. त्या दिवसापासून पाय खाली नाही. पडण्याची भीती कमी, उचलले जाण्याची जास्त.

संध्याकाळी बुलबुलाचं सांगितलं. भिंतीकडेच तोंड ठेवून ऐकलं. पण कान माझ्याकडे होता.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

नाताळचं कार्ड काढून, पुसून शोकेसवर ठेवलं. सव्वीस वर्षांपूर्वी मिशनच्या डॉक्टरीणबाईंनी विलायतेहून पाठवलेलं. बर्फ, बर्फात रोवलेलं फावडं, फावड्याच्या मुठीवर गुबगुबीत तपकिरी पक्षी – गळा आणि छाती लालभडक. लोक दरवर्षी नवी चांदणी आणतात. माझं हे एकच. रंग अजून गेलेला नाही, मग बदलायचं कशाला?

शोकेसच्या वरच्या फळीवर ठेवते. उंच आहे, टाचा उचलाव्या लागतात. पण पलंगावरून ह्यांना समोर दिसतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज जे केलं ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे सांगायची सोय नाही.

बागेच्या वाटेवर मेथीचा टेम्पो उभा होता. पाच रुपयांना जुडी! कोवळी, मुळाला ओली माती. शेतकऱ्याला गावी परतायची घाई. बायकांची ही झुंबड. मी आत घुसले. एक बाई माझी जुडी ओढत होती, मी तिची. सहा घेऊन बाहेर पडले तेव्हा आठ वाजत आले होते. माणसं घरात दोन, त्यातला एक जण चमचाभर खातो. जुड्या सहा.

बाग राहिलीच.

घरी आले तर ह्यांचं तोंड दाराकडे. वाट बघत होते. "कोण... आलं?"

कोणी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण तो चेहरा! शाळेत निकालाच्या दिवशी पोरांचा असतो तसा. माझी नजर वर गेली, शोकेसवर, आणि तोंड आपलं आपणच बोलायला लागलं – "एक नवा होता. लहानसा, तपकिरी. गळा लाल."

हे डाव्या कोपरावर उठले! कुणी न धरता. "शेपटी?"

कार्डावर शेपटी फावड्यामागे आहे. "उंच," म्हटलं. ठोकून.

"उडून... परत... तिथंच?"

"हो, हो. परत तिथंच."

"माशीमार!" म्हणाले. "लाल... गळ्याचा!" आणि तीन बोटं दाखवली. तीन वर्षं झाली, या बागेत त्यांना तो दिसला नाही. थंडीत लांबून, कुठल्या कुठून येतो म्हणे. मला काय ठाऊक असा पक्षी खरोखर असतो! मी तर विलायतेतला उचलला होता, बर्फातला.

नववी आज्ञा मोडली – खोटी साक्ष देऊ नको. आजारी नवऱ्यापुढे. मेथीपायी.

दुपारभर आतलं दार लोटून मेथी निवडत बसले. सहाच्या सहा जुड्या. एकेक पान. त्यांच्याकडे बघायला नको म्हणून.

२४ नोव्हेंबर, रविवार

उपासनेहून आल्या आल्या कार्ड लपवायला गेले. ह्यांची नजर पडायच्या आत. तर कार्ड नाही! फळी रिकामी. शोकेसच्या मागे पाहिलं, खाली झाडू घातला, कचऱ्याचा डबा उलटा केला. नाही.

"कार्ड पाहिलंत का हो?"

मान हलवली – नाही.

उंदरानं नेलं असावं. सव्वीस वर्षं थांबून नेमका कालच मुहूर्त मिळाला त्याला! क्षणभर वाटलं, प्रभूनंच दया केली. पण प्रभू पुरावा गायब करत नसतो.

२७ नोव्हेंबर

अंगाशी आलं. रविवारी रात्री ह्यांनी फोन माझ्या हातात दिला, वैजनाथरावांच्या नावावर बोट ठेवलं – बागेतले ह्यांचे जोडीदार, बँकेतून निवृत्त – आणि डोळ्यांनी म्हणाले, सांग. सांगितलं. दुसऱ्या सकाळी ते बागेत हजर, गळ्यात दुधी भोपळ्याएवढं भिंग असलेला कॅमेरा. आज तिसरा दिवस. करंजाच्या झाडाखाली मान वर करून उभे असतात.

"वहिनी, नक्की याच झाडावर?"

"याच."

"वेळ?"

"सात वीस."

हिशोब लिहिणाऱ्या बाईचा शाप! खोटंसुद्धा मिनिटासकट निघतं. सात वीसला मी चौथी जुडी ओढत होते.

"बघा, याला म्हणतात निरीक्षण," वैजनाथराव आसारामला म्हणाले. "नाहीतर आमची मंडळी – सकाळी कधीतरी, कुठंतरी!"

थर्मासमधून त्यांना आल्याचा चहा नेते. साखर दोन चमचे जास्त. प्रायश्चित्त म्हणून. त्यांना शुगर आहे हे आज कळलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

उभे राहिले!!

राजनंदिनी आली, रोजच्यासारखी म्हणाली, "काका, प्रयत्न करू या का?" ह्यांनी पाय खाली सोडले. वॉकर धरला. उठले. बारा आकडे मोजेपर्यंत उभे. पाय लटपटत होता, पण होता – खाली, फरशीवर! मी पोळ्या करत होते, लाटणं हातात तसंच.

"जायचं," म्हणाले. "बघायचा."

"काय बघायचंय काकांना?" तिनं विचारलं.

"पक्षी," मी म्हटलं.

"काकू, काय जादू केलीत?"

तव्यावरची पोळी जळली.

४ डिसेंबर

जिना. चार पायऱ्या उतरून चार चढले. एकूण अठरा आहेत. डावा हात कठड्यावर, राजनंदिनी पुढे, मी मागून त्यांच्या कमरेचा पट्टा धरून. शेजारी दार उघडून बघत होते. ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाचवी पायरीही उतरले. नंतर म्हणे पाय दुखला. दुखणारच, ती पायरी जिन्याची नव्हती, तोऱ्याची होती.

रोज रात्री जेवणानंतर माशीमार पुन्हा सांगावा लागतो. काल मी म्हटलं, फांदीच्या डाव्या बाजूला. परवा उजव्या म्हटलं होतं. हे नुसते बघत राहिले. आता एका चिठ्ठीवर लिहून ठेवलंय – बाजू, उंची, वेळ. खोट्याचाही ताळमेळ लागावा लागतो. खऱ्यापेक्षा जास्त!

९ डिसेंबर, सोमवार

कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. पाळकसाहेबांना सांगायची छाती नाही. आसारामला सांगितलं. तो आळ्याला पाणी देत होता.

"म्हंजी पाखरू न्हाईच?"

"नाहीच."

"अन् सर किती पायऱ्या उतारले?"

"अकरा."

पाइप खाली ठेवला त्यानं. "वैनी, माझा भाऊ घोडेगावच्या बाजाराला जातो, बैलांचा धंदा. बसल्याला बैल उठला तर कशानं उठला ते कुनी इचारत न्हाई. दावं धरायचं अन् चालू लागायचं."

"पण खोटं बोलले ना रे मी!"

"खोटं तुमी बोलल्या. बैल तर खरा हाय न्हवं?"

(ह्यांना बैल म्हटलं हे ह्यांना कळू द्यायचं नाही.)

पण एक दिवस खाली उतरतील, बागेत येतील, करंजाखाली बसतील. आणि वर काही नसेल. तेव्हा पुन्हा पलंग, पुन्हा भिंत – आणि यावेळी ढकलणारी मीच असेन.

१६ डिसेंबर

पंधरा पायऱ्या.

हल्ली मी खरंच शोधते. सहाला बागेत. प्रत्येक पक्ष्याचा गळा बघते, सोनारासारखी. तांबट सापडला – लाल आहे, पण कपाळावर आणि छातीवर. मधला गळा तेवढा पिवळा. अरे, थोडं मधे लावलं असतंस तर! दोनदा वाटलं, सापडला! एकदा पानाआड वाळलेली शेंग होती, एकदा पतंगाचा तुकडा.

रात्रीच्या प्रार्थनेत मागून घेतलं – प्रभू, एक पाठव. फार मोठा नको. नरच पाठव, मादीचा गळा लाल नसतो, वैजनाथरावांनी सांगितलंय. सकाळी साडेसात ते साडेआठ चालेल.

किराण्याची यादी बरी!

१९ डिसेंबर

अठरा. फाटकापर्यंत जाऊन आले. शनिवारसाठी रिक्षा सांगायला सांगितलं. मी म्हटलं, थंडी आहे, पुढच्या आठवड्यात जाऊ. "शनिवार," म्हणाले. शब्द आता नीट येतात, नको तेव्हा.

२१ डिसेंबर, शनिवार

गेलो. आसारामनं ऑफिसातली खुर्ची काढून करंजाखाली ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. "बसा सर, पाखरं तुमची वाट बघून दमली." वैजनाथराव भोपळ्यासकट हजर.

ह्यांनी डाव्या हातानं दुर्बीण डोळ्याला लावली, उजवी बाजू मी धरली. पाऊण तास. बुलबुल, चिमण्या, एक खारूताई. मी मनाशी म्हटलं, आता सांगायचं. इथेच. घरी गेल्यावर धीर होणार नाही.

"अहो," म्हटलं, "तो पक्षी –"

"दिसला," हे म्हणाले.

"कुठे सर? कुठे?" वैजनाथराव झाडाभोवती फिरले, कॅमेरा नुसता खटाखटा.

"गेला."

मला काही दिसलं नाही. दुर्बीण माझ्याही हातात होती आणि ती फांदीकडे नव्हती, बागेतल्या पाण्याच्या टाकीकडे होती. वैजनाथराव मोबाईलवर नोंद करायला लागले. ह्यांनी हात वर केला. "नको. फोटो नाही... नोंद नाही."

वैजनाथराव हिरमुसले. मी मात्र रिक्षात बसल्या बसल्या डोळे मिटून आभार मानले. प्रभूनं ऐकलं! माझ्यासारख्या बाईचंही ऐकलं! टाकीवर बसला असेल, माझं लक्ष नसेल. पिशवीला कावळा म्हणणारी बाई मी, मला काय दिसणार?

ह्यांनी घरापर्यंत माझा हात धरून ठेवला होता. जिन्यात सोडला. कठडा धरायचा होता म्हणून.

२५ डिसेंबर, नाताळ

उपासनेला आले. वॉकर घेऊन, स्वतःच्या पायांनी, मधल्या वाटेनं. गायनाला दोन ओळी चुकीच्या सुरात म्हणाले. सगळं चर्च मागे वळून बघत होतं आणि मी गर्वानं फुगले होते. गर्वाचं पाप उद्या बघू.

२६ डिसेंबर, गुरुवार

अभ्रे धुवायला काढले. हे न्हाणीघरात होते, एकटे. उशीखालची वही खाली पडली आणि मधेच उघडली, कारण आत जाड खूण होती – कार्ड. बर्फ, फावडं, लाल गळा.

पानावर तारीख २३ नोव्हेंबर. डाव्या हाताचं अक्षर, पहिलीतल्या पोरासारखं, माझ्यापेक्षाही वाईट –

बाग – सुट्टी.
मेथी – ६ जुड्या.
कार्डावरचा – १. छान सांगितला.
शोकेसपर्यंत – ७ पावलं. भिंत धरून. परत ७.

त्या दुपारी मी आतलं दार लोटून मेथी निवडत होते.